'आवडीने भाग घेतो': एका नोंदीची तपासणी

नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, एखाद्या प्राथमिक शाळेतली मूल्यमापनाची नोंदवही उघडली, तर शारीरिक शिक्षणाच्या रकान्यात एक वाक्य बहुधा भेटेलच: 'खेळात आवडीने भाग घेतो.' आज आपण या चार शब्दांचीच तपासणी करू.

महाराष्ट्रात 2010 साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. आकारिक आणि वर्णनात्मक नोंदी आल्या. हेतू चांगला होता, तो नाकारायचं कारण नाही. पण वाक्य नीट बघा. 'भाग घेतो' हे मैदानावर दिसतं. 'आवडीने' हे मुलाच्या मनात असतं. ते कुणी पाहिलं? दोन-दोन वर्ग सांभाळणाऱ्या गुरुजींना किंवा बाईंना तेवढी उसंत नसते. मग नोंदींच्या तयार याद्या असतात, मोबाइलवर फिरतात, त्यातलं वाक्य उतरतं. म्हणजे भावनांचं मोजमाप आपण करतोच आहोत, फक्त मुलाला न विचारता.

मग विचारण्याची साधनं आहेत का? आहेत. लायकर्टची पायऱ्यांची मोजपट्टी 1932 ची. व्यायामातला आनंद मोजणारी केंडझिअर्स्की आणि डीकार्लो यांची 18 कलमांची प्रश्नावली 1991 ची. ती मुळात कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर घडली, लहान मुलांसाठी नंतर बेतली गेली. राइनहार्ड पेक्रुन आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये अभ्यासाशी जोडलेल्या नऊ भावना मांडल्या. त्यात आनंद, अभिमान आहेत, तशी लाज आणि कंटाळाही आहे. हे काम मोलाचं आहे. आमचा आक्षेप ते जसंच्या तसं मराठीत उतरवण्याला आहे.

'कंटाळा' घ्या. आपल्याकडे पोरगं 'लय कंटाळलो' म्हणतं, तेव्हा ते पुष्कळदा दमलेलं असतं. प्रश्नावलीत मात्र त्याला खेळ नीरस वाटला, अशी नोंद होणार. 'लाज' घ्या. सातवीतली मुलगी पळायला उठत नाही. हरण्याची लाज, की सगळ्यांसमोर ओढणी सावरत पळण्याची लाज? आकडा एकच येईल, उपाय मात्र वेगळे. पहिलीला सराव हवा, दुसरीला वेगळा पोशाख आणि थोडा आडोसा.

हसरे-रडके चेहरे दाखवले की प्रश्न सुटतो, असं काहींना वाटतं. लहान मुलं बऱ्याचदा टोकाचाच चेहरा निवडतात. त्यात गुरुजी शेजारी उभे असतील, तर रडक्यावर बोट ठेवणार कोण?

आणखी एक गोष्ट आम्हाला जास्त बोचते. पाथर्डी, शेवगावकडची कुटुंबं दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जातात. काही मुलंही जातात. जानेवारीत वर्गाची सरासरी काढली, तर ती मागे राहिलेल्यांची असते. परत आलेल्या मुलाची खो-खोच्या संघातली जागा गेलेली असते. त्याला काय वाटतं, हे त्या सरासरीत कुठेच नाही. त्याच्या नावापुढे मात्र तेच वाक्य: 'आवडीने भाग घेतो.'

मग करायचं काय? आमचं म्हणणं साधं आहे. तास संपल्याबरोबर, नाव न लिहिता, चिठ्ठीवर तीन प्रश्न: आज मजा कधी आली? नको कधी वाटलं? पुढच्या वेळी काय बदलू? ज्याला लिहिता येत नाही, त्याने तोंडी सांगावं, आणि त्याचाच शब्द टिपावा. वर्षातून चारदा हे करावं, एकदा ऊसतोडीहून मुलं परतल्यावर. या उत्तरांना श्रेणी नको. श्रेणी लावली की मूल आनंदाचंही सोंग आणतं.

चिठ्ठ्या वाचून तासात काहीच बदलणार नसेल, तर त्या गोळाही करू नयेत. मुलं एकदा खरं सांगतील, दुसऱ्यांदा सांगणार नाहीत.

आणि नोंदवहीत? जे दिसलं तेवढंच लिहू: 'लंगडीच्या वेळी बाजूला बसला, खो-खोत स्वतःहून उठला.' वाक्य लांबतं, वेळ जातो, खरं आहे. पण असं वाक्य वाचून पुढचे शिक्षक त्या मुलाला विचारू तरी शकतील, की लंगडीला तू का बसलास?