तीन आठवड्यांचं खेडं

अमेरिकेतली अनेक महाविद्यालयं आपल्या विद्यार्थ्यांना काही आठवड्यांसाठी पश्चिम आफ्रिकेत पाठवतात. घाना किंवा सेनेगलमधल्या खेड्यात एखाद्या कुटुंबाकडे राहायचं, त्यांच्या ताटात जेवायचं, शेतावर जायचं, परतल्यावर निबंध लिहायचा. त्याचे गुण पदवीत धरले जातात. नुसत्या पुस्तकातून आफ्रिका शिकण्यापेक्षा हे कितीतरी बरं. आफ्रिका हा एकच एक देश नाही, एवढं तरी पक्कं कळतं. सेनेगलला गेलेली मुलं वोलोफ भाषेत 'नांगा देफ' अशी विचारपूस झाली की 'मांगी फी रेक', म्हणजे 'हा काय, इथंच आहे', असं उत्तर द्यायला शिकतात. तेही चांगलंच.

तक्रार आहे ती निबंधाबद्दल. त्यात बहुतेक वेळा विचारलेलं असतं, 'या अनुभवानं तुमच्यात काय बदल झाला?' अभ्यास खेड्याचा आणि उत्तर मात्र स्वतःबद्दल! असं उत्तर चूक ठरूच शकत नाही. आणि जे चूक ठरू शकत नाही, त्याची तपासणी तरी कशी करणार?

याच्या शेजारी एक जुनं काम ठेवून पाहू. १९६० च्या दशकात लायबेरियातल्या कटिंग्टन कॉलेजात गणित शिकवणारे जॉन गे आणि मानसशास्त्रज्ञ मायकेल कोल यांच्यापुढे एक अडचण होती. क्पेले जमातीच्या मुलांना शाळेतलं गणित जड का जातं? मुलांमध्ये काय कमी आहे हे शोधत बसण्याऐवजी त्यांनी आधी विचारलं, हे लोक रोज कोणतं गणित करतात? क्पेले भात पिकवतात. तांदूळ मोजायला 'कोपी' नावाचा डबा असे. व्यापाऱ्याच्या खरेदीच्या डब्याचा तळ ठोकून ठोकून बाहेर फुगवलेला, विक्रीच्या डब्याचा मात्र तसा नाही. (पायली-शेराचा काळ पाहिलेल्यांना यात नवल वाटणार नाही.) मग त्यांनी तांदूळ समोर ठेवून विचारलं, यात किती डबे असतील? या अंदाजात क्पेले माणसं अमेरिकन लोकांपेक्षा सरस ठरली. शिकलेला कोण आणि अडाणी कोण, हे प्रश्न कोणी काढला यावर ठरतं तर!

दुसरा प्रयोग त्यांचे सहकारी जोसेफ ग्लिक यांचा. वीस वस्तू दिल्या, 'एकत्र जाणाऱ्या एकत्र ठेवा' म्हणून सांगितलं. क्पेले शेतकऱ्यांनी सुरी आणि संत्रं एकत्र ठेवले, कारण सुरीनं संत्रं कापतात. 'शहाणा माणूस असंच करील', असंही ते म्हणत. शेवटी विचारलं, 'मग मूर्ख माणूस कसं करील?' तेव्हा अन्न, हत्यारं, भांडी, कपडे अशा चार नीटनेटक्या राशी लावून मिळाल्या. वर्गीकरण येत होतंच, पण प्रश्न तसा नव्हता.

गे आणि कोल यांचं १९६७ चं पुस्तक निर्दोष नाही. शीर्षकातच गणित 'नवं' आणि संस्कृती 'जुनी' अशी वाटणी केलेली आहे. पण आपलीच चाचणी चुकीची असू शकते, ही शक्यता त्यांनी तपासली. १९७१ च्या पुढच्या पुस्तकात कोल आणि सहकाऱ्यांनी स्पष्टच मांडलं, की फरक विचार करण्याच्या क्षमतेत कमी आणि ती कोणत्या प्रसंगी वापरली जाते यात जास्त असतो. इथवर पोचायला वर्षं लागली. गे तर तिथंच राहून शिकवत होते.

तीन आठवड्यांत हे होणार नाही, आणि तशी अपेक्षाही नको. पण प्रश्न बदलता येतो. पाहुणा भाताचा अंदाज किती चुकला, नात्यांची कोणती हाक त्याला जमली नाही, हे यजमान घरातल्या बाईनं सांगावं आणि तिच्या शब्दाला गुण असावेत. तिचा खर्चही मोजावा: पाहुण्यासाठी जास्तीचं पाणी भरलं कोणी, खोली रिकामी केली कोणी?

आणखी एक हिशोब कोणी मांडत नाही. त्याच घरातल्या मुलीला अमेरिकेतल्या एखाद्या वसतिगृहात तीन आठवडे राहून, तिथल्या लोकांवर निबंध लिहून गुण मिळवायचे असतील, तर तिची पहिली परीक्षा व्हिसाच्या खिडकीवरच होते.