स्थिरचित्रातील वस्तुमांडणी : पूर्वतयारी की निर्मिती?

प्रास्ताविक :

स्थिरचित्र या चित्रप्रकाराविषयी जे विवेचन सामान्यतः केले जाते त्यात रंगलेपन, छायाप्रकाश, पोत, यथार्थता यांची चर्चा विपुल असते. चित्र रंगविण्यापूर्वी वस्तू कशा मांडल्या गेल्या, या प्रश्नाला मात्र दोन-चार ओळींपलीकडे स्थान मिळत नाही. लहान वस्तू पुढे, मोठी मागे, एक कापड, एका बाजूने प्रकाश एवढे सांगितले की मांडणीचा विषय संपतो. सुताराने लाकूड आणून ठेवावे तशी ही एक पूर्वतयारी असून कलेचा आरंभ त्यानंतर होतो, असे त्यामागील गृहीतक आहे. हे गृहीतक तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. स्थिरचित्राच्या परंपरेतील काही महत्त्वाच्या चित्रकारांची कार्यपद्धती पाहता मांडणी ही चित्राची पूर्वतयारी नसून चित्रनिर्मितीतील पहिली आणि पुष्कळदा सर्वांत निर्णायक कृती ठरते. तसे असेल तर आपल्या कलाशिक्षणात ही कृती विद्यार्थ्याच्या हाती का नसते, हा प्रश्न त्यातून अपरिहार्यपणे उद्भवतो.

‘मांडणे’ या क्रियापदाचा अर्थविस्तार :

मराठीतील ‘मांडणे’ हे क्रियापद येथे विचारात घेण्यासारखे आहे. पूजा मांडतात, चूल मांडतात, डाव मांडतात, भातुकली मांडतात आणि संसारही मांडतात. या सर्व प्रयोगांत मांडणे म्हणजे वस्तू जागच्या जागी ठेवणे एवढेच नसून एखाद्या गोष्टीचा आरंभ करणे होय. स्वयंपाकघरातील भांड्यांच्या फळ्यांनाही आपण मांडणीच म्हणतो. तेथे डबे उतरत्या क्रमाने लागतात, कारण तो क्रम सोयीचा आणि डोळ्यांना सुखावणारा असतो. रुखवत तर केवळ पाहिले जावे म्हणूनच मांडले जाते. ताट वाढतानाही मीठ वर, चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे हा संकेत पाळला जातो. या मांडण्यांचे नियम आधीच ठरलेले असतात आणि चुकले तर घरातील वडीलधारी व्यक्ती ते लगेच दाखवून देते. चित्रकाराच्या टेबलावर असा आधार नसतो. वाटीच्या डावीकडे लिंबू का, या प्रश्नाचे उत्तर त्याला परंपरेतून आयते मिळत नाही. ते त्याला पाहून शोधावे लागते.

कनिष्ठतेचा आरोप आणि शार्दँ :

इ.स. 1667 मध्ये फ्रेंच अकादमीच्या वर्तुळातील आंद्रे फेलिबियाँ याने चित्रप्रकारांची जी श्रेणी मांडली तीत इतिहासचित्रे सर्वोच्च स्थानी होती आणि निर्जीव वस्तूंची चित्रे सर्वांत खाली. समोर आहे ते उतरविणे यात कल्पनाशक्तीचा संबंध नाही, हा त्या श्रेणीमागील मुख्य विचार. मात्र समोर जे आहे ते तेथे आले कसे, हा प्रश्न या विचारात सुटून जातो. इतिहासचित्रकार पात्रांची योजना करतो तेव्हा ती कल्पकता ठरते. स्थिरचित्रकार तीच योजना प्रत्यक्ष वस्तूंच्या साहाय्याने करतो तेव्हा ती अदृश्य होते. मांडणी जितकी सहज दिसेल तितका तिचे श्रेय चित्रकाराला मिळण्याचा संभव कमी, असा हा विपरीत न्याय आहे.

झाँ-सिमेओं शार्दँ (1699-1779) याला 1728 मध्ये अकादमीत प्रवेश मिळाला तो ज्या चित्रांमुळे, त्यांत ‘ला रे’ हे पाकट माशाचे चित्र होते. मध्यभागी टांगलेला, पोट फाडलेला मासा. डावीकडे कालवांवर पाठीची कमान करून उभे असलेले मांजराचे पिल्लू. उजवीकडे शांत, अचल भांडी आणि मूठ कडेच्या बाहेर आलेली सुरी. एका बाजूस थरार, दुसऱ्या बाजूस स्तब्धता आणि दोहोंच्या मध्ये मृत्यू, असा हा पट केवळ वस्तूंच्या स्थानांवरून उभा राहतो. सुरीची तिरपी मूठ ही डच चित्रकारांकडून आलेली जुनी युक्ती होय. ती चौकटीच्या सपाट पृष्ठाला छेद देऊन खोली निर्माण करते. उत्तरायुष्यात शार्दँला इतकेही नाट्य नकोसे झाले. सुमारे 1761 मधील त्याच्या एका चित्रात पाण्याचा पेला, कॉफीचे भांडे आणि लसणाचे गड्डे एवढ्याच वस्तू आहेत. भांडे वर निमुळते होत जाते, पेला वर रुंदावत जातो. एकाचा आकार दुसऱ्याच्या आकाराचे उलटे रूप आहे. एक अपारदर्शक, दुसरा पारदर्शक. या दोन वस्तू शेजारी आणल्या त्याच क्षणी चित्राचा अर्धा आशय सिद्ध झाला होता, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

टेबलाशिवाय मांडणी :

मांडणी म्हणजे टेबलावरील हालचाल असे मात्र समजू नये. सतराव्या शतकाच्या आरंभीचा अँब्रोशियस बॉसखार्ट याच्या फुलदाण्यांत निरनिराळ्या ऋतूंत उमलणारी फुले एकत्र नांदतात. असा गुच्छ कोणत्याही टेबलावर कधीच नव्हता. स्वतंत्र अभ्यासचित्रांच्या आधारे तो चित्रातच मांडला गेला. स्पॅनिश चित्रकार सांचेझ कोतान याच्या सुमारे 1602 मधील चित्रात क्विन्सचे फळ आणि कोबी दोरीने टांगलेले, तर खरबूज व काकडी चौकटीच्या कडेवर ठेवलेली असून सर्वांची मिळून एक उतरती वक्ररेषा तयार होते. कोठारात जिन्नस टांगून ठेवण्याची प्रथा खरी, पण ही रेषा प्रथेने दिलेली नाही. याउलट पिएर बॉनार याची न्याहारीची टेबले जणू कोणी नुकतेच उठून गेल्यासारखी, न मांडलेली भासतात. बॉनार स्मृतीवरून आणि रेखाटनांवरून रंगवीत असे. म्हणजे त्याची मांडणी आठवणीत घडे. कोठे उभे राहायचे आणि कोणती कड कापायची, हे ठरविणे हीदेखील मांडणीच होय.

सेझान : नाणी आणि फळे

या संदर्भात पॉल सेझान (1839-1906) याचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. तरुण चित्रकार लुई ल बाय याने 1898 च्या सुमारास सेझानला वस्तू मांडताना पाहिले व त्याचे वर्णन नोंदवून ठेवले. आधी कापड किंचित चुरगळून पसरायचे. मग फळे अशी ठेवायची की एका रंगाला विरोधी रंग भिडेल, हिरव्याशेजारी तांबडा, निळ्याशेजारी पिवळा. आणि फळ हवे तितके कलावे, वळावे म्हणून त्याखाली एक-दोन सूंची नाणी सरकवायची. ही नाणी चित्रात कोठेही दिसत नाहीत, परंतु सफरचंदाच्या कलण्यात त्यांचे कार्य शिल्लक असते. काम इतके संथ चाले की फळे सडत आणि फुले कोमेजत, म्हणून कागदी फुले वापरण्याची वेळ त्याच्यावर येई.

याच चित्रकाराच्या शिकागो येथील ‘सफरचंदांची टोपली’ (सुमारे 1893) या चित्रात टेबलाची डावी व उजवी कड एका सरळ रेषेत येत नाही, बाटली एका बाजूला झुकलेली आहे आणि टोपली पुढे ओतली जाण्याच्या बेतात आहे. नाणी सरकवून समतोल साधणाऱ्या माणसाला टेबलाची कड जुळविता आली नाही, हे संभवत नाही. वस्तूंची मांडणी टेबलावर संपली नव्हती. कॅनव्हासवर ती पुन्हा, वेगळ्या दृष्टिकोनातून सुरू झाली होती. मांडणे आणि रंगविणे हे दोन टप्पे नसून एकाच कृतीची दोन स्थाने आहेत, हे या चित्रावरून स्पष्ट होते. सेझानवरील पुष्कळ लेखन त्याच्या ‘विरूपणा’पाशी थांबते, नाण्यांपासून त्याचा विचार क्वचितच केला जातो.

मोरांदी : एका डोळ्यासाठी

जॉर्जो मोरांदी (1890-1964) याने बोलोन्या शहरातील व्हिया फोंदात्सा येथील घरात, निजण्याच्याच खोलीत बसून आयुष्यभर त्याच त्या बाटल्या, डबे आणि सुरया रंगविल्या. काही बाटल्यांत तो आतून रंग ओतून ठेवी, काहींना बाहेरून झिलईरहित रंग देई, वस्तूंवर साचलेली धूळ तशीच राहू देई. चकाकी आणि लेबले गेली की वस्तूची ओळख पुसट होते आणि आकार व अंतर उरते. टेबलावर अंथरलेल्या कागदावर प्रत्येक वस्तूच्या तळाभोवती तो पेन्सिलीने खूण करीत असे. या कागदांवर ब्रिटिश कलावती टॅसिटा डीन हिने 2009 मध्ये एक चित्रपटही केला. त्यात एकही बाटली नाही. आहेत त्या एकमेकींवर चढलेल्या रेषा आणि वर्तुळे. बोटभर इकडे, बोटभर तिकडे असे वर्षानुवर्षे चाललेले निर्णय त्या कागदांवर साठलेले आहेत.

मोरांदीच्या उत्तरकालीन चित्रांत दोन वस्तूंच्या कडा अगदी एकमेकींना भिडतात आणि कोणती पुढे, कोणती मागे हे कळेनासे होते. डोके थोडेसे हलविले तरी हा परिणाम नाहीसा होईल. अशी मांडणी एका ठिकाणी स्थिर असलेल्या एकाच डोळ्यासाठी असते. लक्षणीय बाब अशी की हा चित्रकार 1914 ते 1929 या काळात बोलोन्यातील प्राथमिक शाळांत चित्रकला शिकवीत होता आणि पुढे 1930 ते 1956 पर्यंत तेथील कला अकादमीत अम्लरेखन. शिक्षकाची नोकरी आणि मांडणीचा हा ध्यास यांत त्याला विरोध वाटला नाही.

वर्गातील वस्तुसमूह :

मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेची स्थापना 1857 ची. तेव्हापासून रुजलेल्या अभ्यासक्रमी चित्रकलेत समोरील वस्तूचे यथार्थ चित्रण हा पाया राहिला. आजही महाराष्ट्रात शालेय विद्यार्थ्यांची स्थिरचित्राशी ओळख मुख्यतः कला संचालनालयाच्या शासकीय रेखाकला परीक्षांमधून होते. एलिमेंटरीला वस्तुचित्र, इंटरमिजिएटला स्थिरचित्र. या परीक्षांनी खेडोपाडीच्या मुलांच्या हाती जलरंग दिले, हे त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु वर्गाचे सर्वपरिचित दृश्य असे असते : स्टुलावर शिक्षकांनी मांडलेली किटली किंवा तांब्या, दोन वांगी, एक टोमॅटो, मागे ड्रेपरी आणि भोवती अर्धवर्तुळात बसलेली मुले. मधल्या मुलाला जी रचना दिसते ती टोकाच्या मुलीला दिसत नाही. तिच्या जागेवरून वांगी किटलीमागे लपलेली असतात आणि ड्रेपरीऐवजी वर्गाची भिंत दिसते. तरीही तिने समोर दिसते ते काढायचे असते. ज्या कृतीत शार्दँचा आशय, सेझानचे नाणे आणि मोरांदीची पेन्सिल सामावलेली आहे, ती कृती घंटा होण्यापूर्वीच दुसऱ्या कोणीतरी उरकलेली असते. विद्यार्थ्याच्या वाट्याला येते ते केवळ अनुलेखन. म्हणजे फेलिबियाँने ज्या कारणासाठी या चित्रप्रकाराला तळाशी बसविले, नेमके ते कारण आपली अध्यापनपद्धती खरे करून दाखविते.

प्रभाकर बरवे (1936-1995) यांचे चित्र येथे आठवणे अप्रस्तुत ठरणार नाही. जे. जे.मध्ये शिकलेल्या आणि पुढे विणकर सेवा केंद्रात काम केलेल्या या चित्रकाराने पान, फळ, घड्याळ यांसारख्या साध्या वस्तूंना टेबलावरून उचलले आणि कोऱ्या अवकाशात ठेवले. त्यांचे ‘कोरा कॅनव्हास’ (1990) हे पुस्तक मराठीत चित्रविचाराला वाहिलेल्या मोजक्या पुस्तकांपैकी एक होय. त्यांच्या चित्रात वस्तूला आधार देणारी कड नाही, ड्रेपरी नाही. दोन वस्तूंमधील अंतर हाच आशयाचा भार वाहतो. स्थिरचित्राचा पाठ बरवे यांच्यापर्यंत पोहोचलाच नाही असे नव्हे, तर त्या पाठात जे दुसऱ्याने ठरविलेले असते ते त्यांनी स्वतःकडे घेतले, असे त्यांच्या चित्रांकडे पाहून म्हणावेसे वाटते.

तीस विद्यार्थी आणि एक स्टूल असताना प्रत्येकाची मांडणी वेगळी कशी ठेवणार, हा आक्षेप रास्त आहे. परीक्षेत सर्वांना समान वस्तुसमूह असणे ही मूल्यमापनाची गरजही आहे. परंतु परीक्षेचा नियम वर्षभराच्या तासिकांना लागू करण्याचे कारण नाही. घरून आणलेली वाटी, एक लिंबू आणि काड्यापेटी बाकावर मांडायला जागा पुरते. पहिल्या तासिकेत कागद न देता वस्तू केवळ हलवू द्याव्यात, प्रत्येक वेळी तळाभोवती खडूने खूण करायला सांगावी आणि कोणती जागा का सोडली हे विद्यार्थ्याकडून वदवून घ्यावे. खडूच्या त्या खुणा पुसण्याआधी शिक्षकांनी त्या एकदा पाहाव्यात. गुणपत्रिकेत त्यांना रकाना नाही.