मूरचा राव झाला तेव्हा

गोपाळ गणेश आगरकरांनी 'हॅम्लेट' मराठीत आणले आणि १८८३ साली त्याला नाव दिले 'विकारविलसित'. मूळ नाटकाच्या नावात 'डेन्मार्कचा राजपुत्र' ही पदवी आहे. मराठी नावात पदवी गेली आणि विकार आला. पुढे १८९० मध्ये गोविंद बल्लाळ देवलांनी 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव' केला. मूळ नाव 'ऑथेल्लो, व्हेनिसचा मूर' असे आहे. त्यातले व्हेनिस गेले, मूरही गेला आणि त्या जागी 'राव' येऊन बसला. त्याआधी १८६७ साली महादेवशास्त्री कोल्हटकरांनी याच नाटकाचे भाषांतर 'ऑथेल्लो' या नावानेच केले होते. पण रंगभूमीच्या आठवणीत राहिला तो झुंझारराव.

मराठीतल्या शेक्सपिअर-चर्चेचा पुढचा रस्ता या दोन नामकरणांनी बराचसा आखून दिला, असे आम्हांला वाटते. हॅम्लेट म्हणजे अनिश्चय, मॅकबेथ म्हणजे महत्त्वाकांक्षा, लिअर म्हणजे कृतघ्नतेचा बळी आणि ऑथेल्लो म्हणजे मत्सर, ही समीकरणे आम्ही कॉलेजात पाठ केली, परीक्षेत लिहिली आणि त्यावर गुणही मिळवले. या नाटकांतली माणसे एकमेकांना काय म्हणून हाक मारतात, कोण कोणाची पदवी गिळतो, कोण स्वतःला न दिलेली पदवी लावून घेतो, याकडे मात्र कुणी आमचे लक्ष वेधले नाही. दफनभूमीत ओफीलियाच्या थडग्यापाशी पुढे येताना हॅम्लेट स्वतःला 'द डेन' म्हणवतो. त्या नाटकात हा शब्द गादीवर बसलेल्या राजासाठी आधीच वापरून झालेला आहे. म्हणजे एका शब्दात त्याने चुलत्याच्या गादीवर हक्क सांगितला. विकाराच्या शोधात निघालेल्या वाचकाला हा शब्द दिसतच नाही.

ही नाटके ज्या समाजात लिहिली गेली, तिथे पदवी हा जिवंत आणि भांडणाचा विषय होता. शेक्सपिअरचे वडील स्ट्रॅटफर्डचे हातमोजे करणारे कारागीर. १५९६ साली त्यांना कुलचिन्ह मंजूर झाले आणि घराणे 'जंटलमन' ठरले. पुढे १६०२ मध्ये एका अधिकाऱ्याने नालायकांना दिलेल्या कुलचिन्हांवर आक्षेप घेतला, तेव्हा त्या यादीत 'नट शेक्सपिअर' हेही नाव होते. राणी एलिझाबेथ १६०३ मध्ये वारली. तिच्या मागून आलेल्या जेम्सने १६११ मध्ये बॅरोनेट ही नवी पदवी काढली आणि १०९५ पौंड असा तिचा भाव लावला. 'ऑथेल्लो'चा पहिला नोंदलेला प्रयोग १६०४ चा, तेव्हा काटेकोरपणे ते जेम्सच्या काळातले नाटक. पण ज्या खदखदीतून ते आले ती एलिझाबेथच्याच काळातली. १६०० साली मोरोक्कोच्या सुलतानाचा वकील अब्द अल-वाहिद लंडनमध्ये येऊन राहिला होता. लंडनकरांनी खराखुरा मूर, तोही मानमरातबासह, रस्त्यावर पाहिलेला होता.

आता 'ऑथेल्लो'चा पहिला प्रवेश पाहा. मध्यरात्री एका सिनेटरच्या खिडकीखाली दोन माणसे ओरडत आहेत. सबंध प्रवेश ऑथेल्लोविषयी आहे आणि सबंध प्रवेशात त्याचे नाव एकदाही उच्चारले जात नाही. 'तो' आहे, 'मूर' आहे, त्याच्या ओठांवरून काढलेली शिवी आहे, जनावरांच्या उपमा आहेत. इयागोचे दुखणे काय, तर हुद्दा. शहरातल्या तीन बड्या असामींनी त्याच्यासाठी शब्द टाकला, तरी लेफ्टनंटची जागा कॅसिओला मिळाली आणि इयागो निशाणबरदारच राहिला. बढतीत आता ज्येष्ठता उरली नाही, वशिला आला, ही त्याची तक्रार. शिलेदार आणि बारगीर यांतला फरक ज्या मराठी मुलखाला ठाऊक आहे, त्याला ती समजावून सांगावी लागू नये. आणि इथेच इयागो एक कारागिरी करतो. इंग्रजीत थोरामोठ्यांना 'वर्शिप' म्हणण्याची रीत होती. त्या शब्दाच्या पोटात तो 'मूर' घुसवतो आणि कुचेष्टेची एक नवीच पदवी घडवतो.

या एका शब्दाशी आम्ही फार वेळ थांबलो. पदवी काढून घेणे हा अपमानाचा एक प्रकार. पदवी देऊन अपमान करणे हा दुसरा, आणि तो अधिक जिव्हारी लागतो. 'मियाँ' हा शब्द मुळात आदराचा, म्हणजे मालक, महाशय. मराठीच्या ओसरीवर येता येता त्याचे काय झाले ते सांगायला नको. 'खानसाहेब' गवयाच्या बैठकीत म्हटले तर त्यात अदब असते आणि चौकात पाठीमागून म्हटले तर तीच अक्षरे दगडासारखी येतात. इयागोचा तो शब्द आम्हांला कोणत्याही टीपेवाचून कळला, तो याच चौकात उभे राहिल्यामुळे.

दुसऱ्या प्रवेशात ऑथेल्लो स्वतः येतो. सासरा सिनेटर आहे, तक्रार करणार आहे, हे त्याला कळते. त्याचे उत्तर दुहेरी आहे. आपण राज्याची केलेली चाकरी त्या तक्रारीपेक्षा मोठ्याने बोलेल, हे एक. आणि आपण राजवंशातले आहोत, मात्र बढाई मारणे हा मान ठरेल तेव्हाच ते जाहीर करू, हे दुसरे. ही दुसरी गोष्ट नाटकभर पुन्हा कधीच जाहीर होत नाही. ज्याला परक्या दरबारात आपला वंश दाखवून उपयोग नसतो, त्याने चाकरीचीच सनद करून ठेवलेली असते. तिसऱ्या प्रवेशात व्हेनिसचा ड्यूक त्याला 'ऑथेल्लो' म्हणतो. नाटकात हे नाव प्रथम उच्चारले जाते ते इथे, 'शूर' या विशेषणासह. आणि त्याच वाक्यात तुर्कांचा उल्लेख आहे. सायप्रसवर आरमार चालून येत आहे, मूर हवा आहे. शेजारी उभा असलेला सिनेटर ड्यूकला आधी दिसलाच नव्हता.

अशा माणसाचा हुद्दा गेला तर त्याच्याजवळ काय उरते? संशय मनात शिरताच ऑथेल्लो बायकोचा निरोप घेत नाही. निरोप घेतो तो फौजेचा, निशाणांचा, तोफांचा. आता आपला पेशाच संपला, असे म्हणतो. मत्सरापुरते नाटक वाचणाऱ्याला हे भाषण विषयांतर वाटते. आम्हांला ते नाटकाचे मर्म वाटते. पुढे चौथ्या अंकात चारचौघांदेखत तो डेस्डिमोनाला मारतो, ते केव्हा? व्हेनिसहून खलिता आला आहे, त्याला परत बोलावले आहे, त्याच्या जागी कॅसिओची नेमणूक झाली आहे आणि ती त्यावर आनंद दाखवते, तेव्हा. संशय आहेच, पण बडतर्फीचा कागद त्याच्या हातात आहे, हेही विसरता येत नाही.

देवलांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. त्यांच्यापुढे प्रेक्षक होता, कंपनी होती, आणि परके नाटक आपल्या वेषात आणणे ही त्या काळची रीतच होती. 'मॅकबेथ'चा 'मानाजीराव' करणाऱ्या शिवराम महादेव परांजप्यांनीही १८९८ मध्ये तेच केले; त्या नावात निदान 'मान' तरी राहिला. पण 'राव' ही पदवी आतल्या माणसाची. ज्याच्या नावामागे ती जन्मतः चिकटते, त्याला परक्या शहरात चाकरीवर मान मिळवावा लागत नाही. मूरचा राव केला की मत्सर शिल्लक राहतो आणि परकेपणा वजा होतो. ऑथेल्लोचा शेवट आठवावा. मरण्यापूर्वी तो अलेप्पोतली एक गोष्ट सांगतो. एका फेटेवाल्या तुर्काने व्हेनिसच्या माणसावर हात टाकला, राज्याची निंदा केली, म्हणून आपण त्याला असे भोसकले. आणि 'असे' म्हणताना खंजीर स्वतःत खुपसतो. मारणारा व्हेनिसचा चाकर आणि मरणारा तुर्क, एकाच अंगात. मुस्लिम वाचक या जागी पान उलटू शकत नाही. झुंझारराव या नावाच्या अंगात हे दोघे कसे मावणार?

आम्ही नागपूरकर आहोत, म्हणून या प्रश्नाला घरचे एक उत्तर आहे. हे शहर वसवले देवगडच्या गोंड राजाने, सुमारे १७०२ मध्ये, बारा खेडी एकत्र करून. तो इतिहासात ज्या नावाने ओळखला जातो, ते 'बख्त बुलंद' हे नाव नव्हे, पदवी आहे. थोर नशिबाचा, हा तिचा अर्थ. गादीच्या भांडणात आधार मागायला तो औरंगजेबाकडे गेला, इस्लाम स्वीकारला आणि हा किताब घेऊन परतला. ऑथेल्लोने बाप्तिस्मा घेतल्याचा उल्लेख नाटकात आहे. पुढे बख्त बुलंदने बादशाही मुलखावरच हात मारला, तेव्हा संतापलेल्या औरंगजेबाने त्याचा किताब बदलून 'निगून-बख्त', म्हणजे खालावलेल्या नशिबाचा, असा करण्याचा हुकूम काढला, अशी नोंद गॅझेटियरात आहे. फौजेइतकेच शब्दही धाडले! देणाऱ्याने दिलेली पदवी उलटी करून परत पाठवली. इयागोने जे खिडकीखाली केले, ते इथे शाही फर्मानाने झाले. फरक इतकाच की आमच्या राजाने खंजीर काढला नाही. शहर वसवले, आणि शहराने 'बुलंद' तेवढेच लक्षात ठेवले.

त्याच्या घराण्याची पुढची गोष्ट तर मार्लोला शोभणारी. घराण्यात भांडणे झाली, रघुजी भोसले मदतीला आले आणि १७४३ च्या सुमारास सत्ता त्यांच्याकडे गेली. रघुजींजवळ छत्रपती शाहूंनी दिलेली 'सेनासाहेब सुभा' ही पदवी होती. तरी गोंड राजा बुऱ्हाणशाहला त्यांनी 'राजा' या किताबासह, पेन्शनीवर, नागपुरातच ठेवला. सत्ता एकाची, नाव दुसऱ्याचे. मार्लोचा टॅम्बरलेन मेंढपाळाचे कपडे फेकून जगाला पदव्या वाटत सुटतो, पण इतिहासातला तैमूर याबाबतीत फार सावध होता. चंगेजच्या वंशातला नाही म्हणून त्याने 'खान' ही पदवी कधी लावली नाही. 'अमीर' म्हणवले, चंगेजी घराण्याचा जावई म्हणून 'गुरगान' म्हणवले आणि नावाचा खान शेजारी बसवून ठेवला. मार्लोला हे ठाऊक नसावे. असते तर त्याचे नाटक बिघडले असते किंवा अधिक चांगले झाले असते.

राजेरजवाड्यांचे हे सारे ठीक. खालच्या माणसाचे काय? 'ट्वेल्फ्थ नाइट'मधला कारभारी माल्व्होलिओ आपण काउंट झाल्याचे स्वप्न पाहतो, त्याबद्दल त्याला अंधारकोठडीत डांबतात आणि आपण हसावे अशी अपेक्षा असते. आम्हांला ते हसू पुरते येत नाही. त्यापेक्षा बॉटम विणकर आम्हांला जवळचा. परीराणी भाळल्यावर हा गाढवाच्या डोक्याचा विणकर तिच्या चिमुकल्या सेवकांना सरदारांसारख्या पदव्या लावून अदबीने हाक मारतो. मान मिळताच त्याने तो वाटून टाकला. आमच्या मोमिनपुऱ्यात आणि कामठीत मागावर बसणाऱ्यांच्या पूर्वजांना उत्तरेत 'जुलाहा' म्हणत, आणि ते नाव शिवीसारखे वापरत. त्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी 'अन्सारी' हे नाव घेतले आणि मदिनेतल्या मदतगारांशी नाते सांगितले. यावर अश्राफ घराण्यांत विनोद झाले, जसे शेक्सपिअरच्या कुलचिन्हावर झाले. आज त्याच समाजातला एखादा मुलगा ओबीसी दाखल्यासाठी टेबलापुढे उभा राहतो, तेव्हा शाळेच्या नोंदीत आजोबांनी मानाने लावलेला 'शेख' त्याच्या आड येतो, आणि ते आजोबा खरोखर विणकरच होते हे त्याला कागदांनी सिद्ध करावे लागते. वर चढण्यासाठी घेतलेली पदवी खाली उतरून खोडायची. शेक्सपिअरला हा प्रवेश सुचला नाही, आम्हांला तो राहायला मिळाला.

शिरवाडकरांनी १९६१ मध्ये 'ऑथेल्लो' पुन्हा त्याच्या नावानिशी मराठीत आणले, ही मोठीच गोष्ट झाली. यापुढे जो कोणी हे नाटक मराठीत करील, त्याच्याकडे आमचे मागणे लहान आहे. पहिल्या प्रवेशात ऑथेल्लोचे नाव कोणाच्याही तोंडी चुकूनसुद्धा येऊ देऊ नये. सोयीसाठी म्हणूनही नाही. इयागोच्या त्या कुचेष्टेच्या पदवीसाठी 'मूरमहाराज' वगैरे घडवत बसू नये. 'मियाँसाहेब' हा शब्द मराठीत तयार आहे, तो त्याच्या तोंडी खुशाल द्यावा, प्रेक्षागृहात आम्ही बसलेलो असलो तरी. आणि ड्यूक जेव्हा त्याला पहिल्यांदा नावाने हाक मारील, तेव्हा दूर कुठेतरी तुर्कांच्या आरमाराची तोफ ऐकू यावी.