मूरात्सालोचा चौक

फिनलंडमधील मूरात्सालो बेटावर आल्व्हार आल्टोने १९५२ ते १९५४ या काळात, पत्नी एलिसा हिच्यासाठी आणि स्वतःसाठी, जे उन्हाळी घर उभारले त्याविषयी लिहिणारे बहुतेकजण भिंतींपाशीच अडून राहतात. अडतील नाही तर काय! चौरस चौक आणि त्याच्या भिंतींवर विटांच्या जवळजवळ पन्नास चौकटी. कुठे वीट आडवी, कुठे उभी, कुठे दरज खोल, मध्येच एखादा चकाकत्या फरशीचा तुकडा. हिमापावसात कोणती बांधणी कशी टिकते ते पाहावे, म्हणून हे 'प्रयोगगृह'. त्यात खेळाचाही भाग आहे, हे आल्टोने मोकळेपणाने सांगितले होते.

मला मात्र ही भिंत, भिंत म्हणून, पटत नाही. इतके नमुने शेजारी शेजारी मांडले की डोळा कुठेच ठरत नाही. कापडवाल्याने गिऱ्हाइकापुढे ठाणामागून ठाण उलगडावे तसे होते. पण ह्याच सुमारास शेजारच्या साय्नात्सालो बेटावर त्याने बांधलेले, १९५२ मध्ये पुरे झालेले नगरगृह पाहावे. तिथेही चौक आहे, वीटही लालच. भिंती मात्र एकाच घाटाच्या, संयमी. गावाच्या पैशावर त्याने हौस भागवली नाही. ती स्वतःच्या घरावर भागवली. हा विवेक मला त्या पन्नास चौकटींहून मोठा वाटतो.

आणि या घराचे खरे सामर्थ्य चौकाच्या मांडणीत आहे. बाहेरून भिंती पांढऱ्या, पाण्यावरून येणाऱ्याला काहीशा अबोल वाटाव्यात अशा; आत पाऊल टाकले की सारे तांबडे. आपल्या वाड्याच्या चौकाला चहूकडून घर वेढते, उघडे राहते ते आभाळ. इथे घर दोनच बाजूंना आहे. उरलेल्या दोन बाजूंच्या उंच भिंती जागोजाग तोडून पैयन्ने सरोवर आत घेतले आहे. तुळशीवृंदावनाच्या जागी, मधोमध, शेकोटीचा चौकोनी खळगा. घराचे हृदय छताखाली न ठेवता उघड्यावर ठेवायला, तेही त्या थंड मुलखात, छाती लागते.

मागे पाहुण्यांच्या लाकडी खोल्या आहेत. त्यांच्यापुढे आणखी काही लाकडी बांधकामे, जमीन न खणता खडकांच्या आधाराने टेकवलेली, शेपटीसारखी झाडीत शिरतात. तिथे विटेची मिजास नाही, चौकटी नाहीत. त्यांची छायाचित्रे फारशी कोणी छापत नाही.