पहिल्या पानावरचे सत्य

रहस्यकादंबरी ही आमच्याकडे अजूनही उशीखाली ठेवून वाचायची वस्तू आहे. प्रवासात, आजारपणात किंवा दिवाळीच्या सुटीत फराळाच्या ताटाशेजारी ती चालते. समीक्षेच्या पाटावर मात्र तिला कोणी बसू देत नाही. आज मी तिला त्या पाटावर बसवणार आहे. एका रहस्यकादंबरीमुळे वीस वर्षांपूर्वी मी एका भल्या बाईंचा अपराधी झालो, आणि तो हिशेब अजून पुरता झालेला नाही.

ती कादंबरी म्हणजे डॅन ब्राउन यांची 'द दा विंची कोड'. मूळ इंग्रजी पुस्तक २००३ सालचे. पुढे ते मराठीतही आले. मी शाळेत चित्रकला शिकवतो. नावातच लिओनार्दो असल्यामुळे मी ते हाती घेतले आणि एका रात्रीत संपवले. दुसऱ्या दिवशी मधल्या सुटीत, शिक्षकांच्या खोलीत, चहाचा कप हातात घेऊन मी सगळ्यांना ऐकवले, "येशूचं लग्न झालं होतं, त्याला मूलही होतं, आणि चर्चने हे दीड हजार वर्षं दडवून ठेवलं." सगळे हसले. खिडकीशी वह्या तपासत बसलेल्या मराठीच्या बाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या वसईकडच्या, कॅथलिक. त्यांनी हातातली वही पुरी तपासली, टोपण लावले आणि शांतपणे विचारले, "सर, या पुस्तकाने तुमच्या मनात शंका आणली म्हणता. ती तुमच्या कुठल्या श्रद्धेबद्दल?"

मला उत्तर देता आले नाही. शंका मला आलीच नव्हती. दुसऱ्याच्या घरात काही दडलेले सापडले, याची मौज मला वाटली होती. त्यांच्या घरात काय चालले होते ते मला पुढे बऱ्याच दिवसांनी कळले. त्यांच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाने तेच पुस्तक वाचून, "तुम्ही आम्हाला फसवलंत," असे आईच्या तोंडावर म्हटले होते आणि रविवारी चर्चला जाणे सोडले होते.

एवढी ताकद या पुस्तकात कुठून आली? भाषेत म्हणावी, तर ती बेताचीच आहे. पात्रे पळतात, थांबून व्याख्याने देतात आणि पुन्हा पळतात. माझ्या मते सारी ताकद आहे ती कथेच्या आधीच्या एका पानात. तिथे लेखकाने 'वस्तुस्थिती' असा मथळा घालून सांगितले आहे की, १०९९ साली स्थापन झालेली एक गुप्त संस्था खरोखरच आहे, तिची चर्मपत्रे १९७५ साली पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात सापडली, आणि पुस्तकातली चित्रांची, वास्तूंची, कागदपत्रांची व गुप्त विधींची वर्णने बिनचूक आहेत. कादंबरी कल्पित असते हे शाळकरी पोरालाही कळते. पण हे पान कादंबरीच्या उंबरठ्याबाहेर उभे आहे. आत शिरण्याआधीच वाचकाच्या हातावर शपथेचे पाणी पडते.

आता ही वस्तुस्थिती पाहू. या नावाची संस्था फ्रान्समध्ये नोंदवली गेली ती १९५६ साली, प्येर प्लांतार नावाच्या इसमाने. ग्रंथालयातले कागद त्याने व त्याच्या साथीदारांनी १९६० नंतरच्या दशकात स्वतःच तिथे नेऊन ठेवले होते. ती चर्मपत्रेही नव्हेत, बरेचसे टंकलिखित कागद होते. १९८२ साली तिघा इंग्रजी लेखकांनी हे सारे इतिहास म्हणून ग्रंथरूपाने मांडले. त्यातल्या दोघांनी पुढे ब्राउन यांच्या प्रकाशकावर लंडनच्या न्यायालयात दावा लावला आणि २००६ साली ते हरले. त्याच वर्षी सिनेमा आला. आपल्या सेन्सॉरने तो दाखवताना, हे सारे काल्पनिक आहे अशी सूचना पडद्यावर द्यायला लावली. काही राज्यांनी बंदीही घातली. बंदी मला कधीच पटलेली नाही. पण त्या सूचनेची गंमत वाटते. लेखकाने पहिल्या पानावर जे लिहिले होते, त्याच्या नेमके उलटे सरकारने लिहिले.

चित्राबद्दल तर मला बोलण्याचा थोडा अधिकार आहे. मिलानच्या मठातल्या भोजनगृहाच्या भिंतीवर लिओनार्दोने सुमारे १४९५ ते १४९८ या काळात 'अखेरचे भोजन' रंगवले. येशूच्या उजव्या हाताला बसलेली कोवळ्या चेहऱ्याची, दाढी नसलेली व्यक्ती म्हणजे मेरी माग्दालेना, असे कादंबरी सांगते. पण फ्लोरेन्सच्या चित्रकारांत योहान हा सर्वांत तरुण शिष्य बिनदाढीचाच काढण्याचा प्रघात होता. १४८० साली गिर्लांदायोने काढलेल्या भोजनाच्या चित्रातही तो तसाच आहे. आपल्या कॅलेंडरांवरच्या रामालाही मिशा नसतात. त्यावरून उद्या कोणी तर्क लढवू लागला, तर आपण त्याला चित्र बघायला शिकवू. लिओनार्दोने ओल्या गिलाव्याऐवजी कोरड्या भिंतीवर प्रयोग केला, म्हणून ते चित्र त्याच्या हयातीतच पोपडे धरू लागले. पुढे १६५२ साली मठवाल्यांनी त्याच भिंतीत दार पाडले आणि येशूचे पायच नाहीसे केले. चित्राचा खरा घात कोणत्याही कटाने केलेला नाही. तो दमट हवेने केला, आणि स्वयंपाकघराकडे जायला वाट हवी असणाऱ्या साध्या माणसांनी केला.

खिडकीशी बसलेल्या त्या बाईंनी पुस्तकाला कधी वाईट म्हटले नाही. आठवड्याभराने त्यांनी आपले मराठी शास्त्र आणून माझ्यासमोर उघडले. मार्काच्या शुभवर्तमानाच्या शेवटी, पुनरुत्थित येशू शिष्यांना दिसतो त्या भागापाशी, खाली टीप होती : अतिप्राचीन हस्तलिखितांत ही वचने नाहीत. योहानाच्या शुभवर्तमानातली, व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची कथा. तिथेही तशीच टीप. "दडवलं असतं तर छापलं कशाला असतं?" त्या म्हणाल्या. "आणि सर, आपल्या पुण्याच्या भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली. द्रौपदीनं कृष्णाचा केलेला धावा त्यांनी मुख्य पाठातून काढून तळाशी नेला. म्हणून कीर्तनं थांबली का?"

त्या दिवसापासून, इंग्रजी शब्दकोश शेजारी ठेवून, मी या विषयावरचे मिळेल ते वाचू लागलो. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. ग्रीक, हिब्रू माझ्यापासून लांब आहेत. तरी एवढे मला दिसले की, खरी हकीकत कादंबरीहून अधिक अस्वस्थ करणारी आहे. कादंबरी म्हणते, ३२५ साली निकेया येथे सम्राट कॉन्स्टंटाइनने धर्मसभा भरवली आणि तिथे मते मोजून, थोडक्या फरकाने, येशूला देव ठरवले. तिथे सुमारे तीनशे बिशप होते. अखेर एरियसच्या बाजूने राहून सही नाकारणारे बिशप दोनच. आणि वाद 'माणूस की देव' असा नव्हताच. पुत्र हा पित्यासारखाच अनादी, की पित्याने सर्वांआधी निर्माण केलेला, असा तो वाद होता. पौलाची पत्रे त्याआधी पावणेतीनशे वर्षांची, आणि त्यांत येशू प्रभू आहेच. कोणती पुस्तके शास्त्रात घ्यावीत हे त्या सभेने ठरवले नाही. चार शुभवर्तमानांचा आग्रह इरेनियसने १८० च्या सुमारास धरला होता. सत्तावीस पुस्तकांची आजची यादी अथनेशियसच्या ३६७ सालच्या पत्रात दिसते. म्हणजे शास्त्र एका रात्रीत, एका हुकुमाने झाले नाही. ते हळूहळू, भांडत, वापरात राहून ठरत गेले. विचार करणाऱ्या श्रद्धावंताला याच गोष्टीशी झगडावे लागते. कटाशी झगडणे सोपे. कट उघडा पडला की काम संपते.

१९४५ साली इजिप्तमध्ये नाग हम्मादी गावाजवळ मडक्यात जुनी पुस्तके सापडली. त्यांतल्या फिलिपच्या नावे असलेल्या पुस्तकात मेरी माग्दालेनाला येशूची सहचरी म्हटले आहे, आणि तो तिचे चुंबन घेत असे, असे वाक्य आहे. कुठे, तो शब्द ज्या जागी होता तिथे पानाला भोक आहे. कादंबरीकाराने तिथे ओठ घातले. वर, अरामी भाषेचा कोणीही जाणकार सहचरी म्हणजे पत्नीच असे सांगेल, अशी ग्वाही एका पात्राकडून देवविली. पण ते पुस्तक अरामीत नाही, कॉप्टिकमध्ये आहे, आणि तो शब्द ग्रीकमधून उसना घेतलेला आहे. एका भोकाएवढ्या जागेत एक कादंबरी मावली! ही चूक केवळ कादंबरीकारांचीच होते असेही नाही. २०१२ साली हार्वर्डच्या एका नामांकित विदुषीने, येशूच्या तोंडी 'माझी पत्नी' असे शब्द असलेला पपायरसचा तुकडा जगापुढे ठेवला. २०१६ साली एका पत्रकाराने त्याच्या मालकाचा माग काढला, आणि तो तुकडा बहुधा बनावट आहे हे त्यांनाही मान्य करावे लागले.

तरी या कादंबरीच्या पदरात एक माप टाकलेच पाहिजे. मेरी माग्दालेना वेश्या होती असे कोणत्याही शुभवर्तमानात नाही. ५९१ साली पोप ग्रेगरी यांनी एका प्रवचनात तीन निराळ्या स्त्रियांची एक केली, आणि ती समजूत पश्चिमेत शतकानुशतके राहिली. रोमने १९६९ साली ती आपल्या पंचांगातून दूर केली. २०१६ साली तिच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा दिला. योहानाच्या शुभवर्तमानात रिकाम्या कबरीपाशी येशू पहिल्याने दिसतो तो तिलाच. या बाईवर अन्याय झाला, हा कादंबरीचा प्रश्न खरा आहे. उत्तर मात्र गरीब आहे. ज्या स्त्रीला साक्षीदार म्हणून मान होता, तिला कादंबरीने कोणाची तरी पत्नी आणि कोणाची तरी आई करून सोडले.

अशा कादंबऱ्यांची जातकुळी जुनी आहे. १९०३ साली इंग्लंडात गाय थॉर्न या टोपणनावाच्या लेखकाची 'व्हेन इट वॉज डार्क' गाजली. तिच्यात एक धनाढ्य खलनायक जेरुसलेममध्ये खोटा शिलालेख पेरतो; येशूचे शव हलवले गेले होते असे त्यातून सिद्ध होते आणि जग अंदाधुंदीत बुडते. शेवटी लबाडी उघड होते आणि श्रद्धा परत येते. खलनायक ज्यू दाखवला आहे, हा तिच्यावरचा न पुसणारा डाग आहे. १९७२ सालच्या अर्व्हिंग वॉलेस यांच्या 'द वर्ड'मध्ये नवे शुभवर्तमान सापडते, आणि ते खरे की बनावट या शोधात नायक फरफटतो. आणि २००३ साली? कागद खरे, दडवणारे खोटे. शंभर वर्षांत आरोपी बदलला. आधी श्रद्धेविरुद्ध कट होता, आता श्रद्धा हाच कट झाला. १९०३ च्या खलनायकाचे नावही कॉन्स्टंटाइनच होते, हा निव्वळ योगायोग, पण बोलका. पहिल्या कादंबरीच्या वाचकाचा संस्थेवर पूर्ण विश्वास होता, शेवटच्याच्या वाचकाचा मुळीच नाही. मला दोघेही सारखेच वाटतात. दोघांनाही प्रश्न नको आहे, गुन्हेगार हवा आहे.

प्रश्न कसा विचारावा याचा धडा मला घरच्या अंगणातच मिळाला. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला आणि लगेच, ज्यांनी आसरा दिला त्या जोगिणींशीच त्रैक्यावर आणि ख्रिस्ताच्या देवत्वावर वाद मांडला. निकेयाचाच तो प्रश्न, एका मराठी बाईने उघडपणे, सही करून, पत्रांतून विचारलेला. पुढे मुक्तीत बसून त्या मूळ भाषांवरून बायबल मराठीत आणत राहिल्या; १९२२ साली त्या गेल्या, आणि संपूर्ण भाषांतर १९२४ साली बाहेर आले. शंका होती म्हणून त्या भाषा शिकल्या. आम्ही शंका आली की सिनेमाचे तिकीट काढतो.

आता माझा कबुलीजबाब. ब्राउन यांना एवढे सुनावणारा मी कोण? माझ्या दुसऱ्या कादंबरीच्या आरंभी, ही कथा एका वाड्यात सापडलेल्या पत्रांवरून लिहिली असून ती पत्रे माझ्यापाशी आहेत, असे मी छापले होते. पत्रे नव्हतीच. एक दिवस एक वयस्क गृहस्थ एसटीने तीन तासांचा प्रवास करून ती पाहायला आले. त्या वाड्याशी त्यांचे नाते होते. मी त्यांना, पावसात भिजून ती खराब झाली, असे सांगितले. त्यांनी चहा घेतला आणि ते गेले. जाताना, "निदान अक्षर कसं होतं, तेवढं तरी आठवतं का?" असे विचारून गेले.

मराठीच्या बाई आता निवृत्त झाल्या आहेत. त्यांनी मुलाच्या हातून ते पुस्तक काढून घेतले नव्हते. "थांबू नकोस, पुढचंही वाच," एवढेच म्हटले होते. तो अजूनही दर रविवारी चर्चला जात नाही, पण आईने फसवले असे आता म्हणत नाही. नाताळात घरी आला की दोघे मार्काच्या त्या शेवटावरून भांडतात, असे त्या हसून सांगतात. माझ्या कादंबरीची नवी आवृत्ती यंदा निघाली. पहिले पान मी काढायला लावले. त्याने खप कमी होईल असे प्रकाशकांचे म्हणणे पडले. होवो. त्या गृहस्थांचा पत्ता मी तेव्हा विचारून घेतला नव्हता, याचे मात्र वाईट वाटते.