कागदाची दुसरी बाजू

जोनाथन एडवर्ड्सनं १७४१ साली एनफिल्डला दिलेलं प्रवचन अमेरिकी साहित्याचे विद्यार्थी आजही वाचतात. त्यातली आगीवर धरलेल्या कोळ्याची प्रतिमा अंगावर येते: माणूस देवाच्या हातात तसाच लोंबकळतोय, देवानं सोडलं की संपला. पण नॉर्थॅम्प्टनच्या या काँग्रिगेशनल धर्मगुरूनं त्याआधी १० वर्षं, १७३१मध्ये, न्यूपोर्टला ८० पौंडांना व्हीनस नावाची १४ वर्षांची मुलगी गुलाम म्हणून विकत घेतली होती. त्या खरेदीखताच्या कोऱ्या बाजूवर त्यानं पुढे प्रवचनाची टिपणं लिहिली. दुसऱ्याच्या मुठीत जीव असणं त्यानं शब्दांत अचूक पकडलं. व्हीनस ते जगत होती, आणि तिची मूठ देवाची नव्हती. एडवर्ड्स जरूर वाचावा. फक्त कागद उलटून बघावा.