बेलवलकरांचा जमाखर्च

वि. वा. शिरवाडकरांचें ‘नटसम्राट’ १९७० सालीं रंगभूमीवर आलें, आणि त्याच सालीं सिडकोची स्थापना होऊन नव्या मुंबईच्या उभारणीस आरंभ झाला. हा निव्वळ योगायोग खरा. परंतु वाशी-नेरूळच्या ज्या कुटुंबांतून तें नाटक आवडीनें पाहिलें जातें, त्यांना तो अगदींच अर्थशून्य वाटूं नये. खाडी ओलांडून तरुणपणीं तेथें बिऱ्हाड थाटणारी पिढी आतां सत्तरीच्या घरांत आली आहे. डोळे पुसत नाट्यगृहाबाहेर पडणारा प्रेक्षक स्वतःच बेलवलकरांच्या वयाचा झाला आहे. तेव्हां या नाटकाकडे थोड्या हिशेबी दृष्टीनें पाहिल्यास रसिकांनीं रागावूं नये.

गणपतराव बेलवलकर आरंभींच आपली सर्व मिळकत मुलामुलीस वांटून देतात व स्वतःजवळ कांहींच ठेवीत नाहींत. ही लियरची कथा असून कृतघ्नता हा तिचा विषय आहे, असें सांगण्याचा प्रघात आहे. आम्हांस तें अर्धेंच खरें वाटतें. नंदा व नलू हीं कांहीं राक्षस नव्हेत. बाप दाता होता तोंवर पूज्य होता. आश्रित होतांच त्याच्या संवयी घरांत खुपूं लागल्या. २००७ सालच्या ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहविषयक कायद्याच्या २३ व्या कलमानें यावर तोडगा काढला आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर मिळकत दिली असून घेणारा ती अट पाळीत नसेल, तर तें हस्तांतर रद्द करवून घेतां येतें. पण अट घालण्यास बाप तयार हवा! बेलवलकरांनीं ती घातली असती काय? कालत्रयीं नाहीं, आणि त्या नकारांतच त्यांचें मोठेपण व त्यांचा नाश हीं दोन्ही आहेत.

नव्या मुंबईंतील गृहस्थ इतका उदार नसला तरी जातीनें तोच. त्याची सारी कमाई राहत्या घरांत अडकली आहे. घर मोठ्या किमतीचें, हातीं रोकड थोडी. घरावर बँकेकडून दरमहा रक्कम घेण्याची सोय २००७ पासून आहे, परंतु तिचा लाभ घेणारे फारच थोडे. घर मुलांचें, ही भावना कागदावर सही करूं देत नाहीं.

जयवंत दळवींच्या ‘संध्याछाया’तील नाना-नानींना अन्नाची ददात नाहीं, माणसांची आहे. थोरला मुलगा अमेरिकेंत. धाकटा देशासाठीं कामास आलेला. पैसा असूनही सोबत विकत मिळत नाहीं, हें दळवींनीं ओळखलें, आणि येथें ते शिरवाडकरांच्या पुढें गेले असें आमचें मत आहे. मात्र झोपेच्या गोळ्यांचा शेवट लेखकास अवघड प्रश्नांतून फार लौकर सोडवितो. दोघांपैकीं एक अंथरुणास खिळून दहा वर्षें जगतें तर? नाटककार जेथें पडदा पाडतो, तेथून खरा खर्च सुरू होतो.

रुग्णालयाची सोय एक वेळ होते. २०२४ पासून सत्तरी गांठलेल्यांस आयुष्मान भारत योजनेंतून सालीना पांच लाखांपर्यंत उपचार मिळण्याची तरतूद झाली. पण ती रुग्णालयांत दाखल होणारास. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धास भरविणें, न्हाऊं घालणें, रात्रीं दार उघडून बाहेर जाऊं न देणें, या सेवेचें बिल त्या योजनेंत बसत नाहीं. निराधार वृद्धांस दरमहा थोडेबहुत निवृत्तिवेतन देणाऱ्या राज्याच्या योजनेस श्रावणबाळाचें नांव आहे. कावड मात्र सुनेच्या किंवा लेकीच्या खांद्यावर. नाहीं तर बारा-बारा तासांच्या पाळीनें येणाऱ्या मावशीच्या.

ही मावशी मराठी नाटकांत कोठें आहे? अप्पांना आसरा देतो तो बूटपॉलिशवाला राजा. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या चित्रपटांत स्मृति गमावलेल्या संस्कृत पंडितास माहुताची बायको जवळ करते. अमृता सुभाष यांनीं ती भूमिका अप्रतिम वठविली आहे, आणि मुलीची ओढाताणही त्या चित्रपटांत प्रामाणिकपणें आली आहे. तरी दोन्हीकडे माया करणारा माणूस गरीब, परका आणि बिनपगारी. गरिबाची माया फुकट मिळते, हें मध्यमवर्गास ऐकावयास फार गोड लागतें. पगार घेऊन चोख सेवा करणारी, एक तारखेस पैसे मागणारी, स्वतःच्या सासूस गांवीं ठेवून आलेली बाई मुख्य भूमिकेंत आमच्या तरी पाहण्यांत आलेली नाहीं. आणि ती आलीच, तर बेलवलकरांसारखीं स्वगतें म्हणण्यास तिला कामांतून सवड मिळेल कीं नाहीं, कोण जाणे.